कॅनडात गांजाच्या ग्रीनहाऊसमध्ये नोकरी करायची म्हणतोस, तर आधी हे वाच

तुझा मेसेज वाचला. बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, दोन वर्षं पॉलिहाऊस सांभाळलंय, आता ओंटारियोत कॉलेज करून कॅनबिसच्या ग्रीनहाऊसमध्ये शिरायचंय, आणि घरच्यांना समजावायला "तिकडे लीगल आहे ना दादा?" एवढंच विचारलंयस. मी इथे ओंटारियोतच, लेमिंग्टन गावाकडे, याच लाइनमध्ये आहे म्हणून नीट सांगतो, जरा लांब होईल.

हो, लीगल आहे, १७ ऑक्टोबर २०१८ पासून. ३० ग्रॅमपर्यंत सुका माल जवळ बाळगता येतो, ओंटारियोत वय १९ लागतं, घरात चार झाडं लावता येतात. पण तू येणार स्टडी परमिटवर, मग वर्क परमिट, मग झालं तर पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, आणि तोवर तुझ्यावर एकाच वेळी तीन देशांचे कायदे लागू असतात. हे मला येण्याआधी कोणीच सांगितलं नव्हतं.

पहिला इथलाच कायदा घे. नवीन माणसाकडे जी१ नाहीतर जी२, म्हणजे नवशिक्याचं लायसन्स असतं, त्यावर गाडी चालवताना अंगात गांजा अजिबात चालत नाही, झीरो. आणि नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला डिसेंबर २०१८ पासून जास्तीत जास्त शिक्षा १० वर्षांची केलीय, त्यामुळे इमिग्रेशनच्या भाषेत तो गंभीर गुन्हा झाला. इथला नागरिक दंड भरून सुटेल, तुझा पीआरच जाऊ शकतो.

दुसरी अमेरिका. तिथे काही राज्यांनी परवानगी दिली असली तरी फेडरल कायद्यात हे बेकायदेशीरच आहे. कॅनडाच्या लीगल इंडस्ट्रीत काम करणारा कॅनेडियन नागरिक दुसऱ्या कामासाठी आला तर सहसा आत घेऊ, असं त्यांच्या बॉर्डरवाल्यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं, पण त्यात शब्द "नागरिक" असा आहे, भारतीय पासपोर्टवाल्याचं नाव नाही. व्हिसाच्या फॉर्मवर कंपनीचं नाव लिहावंच लागतं, खोटं लिहिलंस तर कायमचा अडकशील. माझी मावसबहीण अमेरिकेत डेट्रॉईटजवळ राहते. आमच्या बाजूच्या विंडसरला नदीकाठी उभं राहिलं की समोर ते शहर दिसतं, पण तिच्या मुलाची मुंज झाली तेव्हा मी नदीच्या या काठावरच होतो. ट्रिमिंग रूममधून, म्हणजे माल छाटायच्या खोलीतून, बाहेर पडल्यावर ओव्हरऑल, हेअरनेट सगळं काढलं तरी वास केसात राहतो रे. म्हणून सिटिझनशिप मिळेपर्यंत मी डेट्रॉईटला जायचा पूल ओलांडलाच नाही.

तिसरा आपला एनडीपीएस, म्हणजे भारताचा अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की तो भारताबाहेरच्या भारतीय नागरिकालाही लागू आहे. आणि येताना शिवरात्रीची आठवण म्हणून भांगेची गोळी बॅगेत टाकू नकोस, इथल्या कायद्यात पानंसुद्धा कॅनबिसच, आणि परवानगीशिवाय देशात आणायला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता नोकरीचं, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. सरकारने एक्साइज ठरवली ग्रॅमला १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, जे जास्त असेल ते. तेव्हा ग्रॅमला १० डॉलर मिळतील असा अंदाज होता. नंतर माल इतका पिकला की भाव कोसळले, पण तो १ डॉलर तसाच राहिला आणि कंपन्या त्याखाली दबल्या. कॅनपी ग्रोथ या गांजाच्या मोठ्या कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८०० लोक काढले, स्मिथ्स फॉल्सचा जुन्या चॉकलेट फॅक्टरीतला मोठा प्लांट बंद केला. माझी पहिली कंपनीही अशीच आटली, एका मंगळवारी दुपारी आत शिरायचं कार्ड चालेना, तेव्हा कळलं.

त्यात कळीचा मुद्दा म्हणजे ग्रीनहाऊसमधलं मजुरीचं काम, म्हणजे कटिंग लावणं, छाटणी, तोडणी, हे टीअर ५ मध्ये, म्हणजे सरकारने लावलेल्या कामांच्या सगळ्यात खालच्या पायरीत येतं, आणि कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवावर पीआर मिळवायची योजना, तिला लागणाऱ्या एका वर्षाच्या अनुभवात ते धरलंच जात नाही. सुपरवायझर किंवा लॅब टेक्निशियनच्या दर्जाचं काम हवं. आमच्याकडे एक पोरगा, तुझ्याएवढाच, दीड वर्ष छाटणी करत राहिला आणि परमिट संपत आल्यावर हे कळलं त्याला. म्हणून कॉलेज निवडताना तो कोर्स पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटच्या (शिकून झाल्यावर मिळणारं कामाचं परमिट) यादीत आहे का ते आधी बघ, नोव्हेंबर २०२४ पासून ती अट कॉलेजच्या कोर्सेसना लागलीय. आणि कोर्स असा घे की उद्या ही लाइन बसली तरी टोमॅटो-काकडीच्या ग्रीनहाऊसमध्ये जाता येईल, लेमिंग्टनला ती ढिगाने आहेत.

फी भरायच्या आधी कोर्सचं नाव मला पाठव. वडिलांशी बोलायचं असेल तर रविवारी तुमच्या संध्याकाळी मी मोकळा असतो.