पाचवी मिती राहते कुठे?

प्रश्न : सर, लांबी, रुंदी, उंची आणि काळ समजतात. पाचवी मिती असलीच, तर दिसत का नाही? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आमचं घर वडगावातलं, विणकराचं. दारातून मागावरचा धागा म्हणजे नुसती रेघ. आजी म्हणायची, "जवळ येऊन बघ की!" नाक टेकवलं, की त्याचा पीळ दिसायचा, गोल घेर दिसायचा. त्या घेराभोवती एखादा बारीक किडा फिरू शकेल. दारातल्याला पत्ताही नाही.

पाचवी मिती अशीच गुंडाळलेली, अणूहूनही कितीतरी बारीक असावी, असं भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन यांनी १९२६ मध्ये सुचवलं. त्याआधी, १९२१ मध्ये, गणितज्ञ थिओडोर कालुझा यांनी ती आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात घातली, तर वीज आणि चुंबकत्वाचे नियम सांगणारी मॅक्सवेलची समीकरणं आपसूक बाहेर पडली! मला अजून याचंच नवल वाटतं. पुरावा मात्र सापडलेला नाही. (आणि भुताखेतांशी तिचा काडीचाही संबंध नाही.)