वाचकांचे प्रश्न : एसटीत बसलं की जीव घाबरा होतो

प्रश्न : माझे मिस्टर ३४ वर्षांचे आहेत, आमची केळीची बाग आहे. चार महिन्यांपूर्वी भुसावळला जाताना तापीच्या पुलावर त्यांना छातीत धडधडलं, हाताला मुंग्या आल्या, दरदरून घाम फुटला. ‘आता मी जातो’ म्हणाले. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल निघालं. तेव्हापासून ते एसटीत बसत नाहीत, बाजाराला दिराला पाठवतात. रोज रात्री मेडिकलवरून आणलेली अल्प्राझोलाम घेतात. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : ताई, त्यांना होणारा त्रास खरा आहे. हृदय तपासून घेतलंत, ते योग्यच झालं. आता पुन्हा पुन्हा इको करत बसू नका. वर्णनावरून हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारा तीव्र भीतीचा झटका वाटतो. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो; बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, ते त्यामुळेच. त्रास साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. त्या वेळी चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत सावकाश बाहेर.

खरी गोम पुढे आहे. ‘परत झालं तर?’ या धास्तीनं माणूस एसटी टाळतो, मग बाजार, मग लग्नकार्य. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि तेवढ्यानंच भीती पक्की होते. म्हणून थेरपीत, म्हणजे बोलून आणि सराव करून घेण्याच्या उपचारात, टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीनं परत नेतात. आधी स्टँडवर उभ्या एसटीत पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. ते जमलं की पुढच्या थांब्यापर्यंत. मग तुमच्यासोबत पूल ओलांडून भुसावळ, शेवटी एकट्यानं. प्रत्येक वेळी भीतीला ० ते १० मध्ये गुण द्यायचे आणि ती उतरू लागेपर्यंत जागा सोडायची नाही. भीती आठवर असताना उतरलं, तर मन एवढंच शिकतं की ‘उतरलो म्हणून वाचलो’. खिशात गोळी ठेवून, दाराजवळची सीट धरून प्रवास केला तरी तेच होतं. आठवड्याला एक, अशी १२ ते १६ सत्रं साधारण लागतात. बरेच जण तीन-चार सत्रांत सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. कारण अवघड पायऱ्या तेव्हाच सुरू होतात.

गोळीचं मात्र जपून. अल्प्राझोलाम ही घबराट तात्पुरती दाबणारी गोळी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. तिची सवय लागते. पण रोज घेत असतील तर एकदम बंदही करू नका, घबराट उसळते, क्वचित फिटही येते. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. गरज वाटली तर वेगळी रोजची गोळी देतात. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होते, म्हणून ‘लागू पडली नाही’ असं समजून लोक सोडतात. बरं वाटल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते.

जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा. औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, थेरपी बहुतेक वेळा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात. जुने रिपोर्ट, गोळीची पट्टी आणि झटक्यांच्या तारखा लिहिलेला कागद सोबत न्या. निघायच्या आधी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.

प्रश्न : मुलगी अकरावीला धुळ्यात आहे. घरात अहिराणी छान बोलते, वर्गात उभं केलं की थरथरते. तोंडी परीक्षेला गेलीच नाही. लाजाळू आहे की आजार?
— एक आई, शिंदखेडा तालुका

उत्तर : लाजरी मुलगी अवघडते, पण परीक्षेला जाते. ‘सगळे मला हसतील’ या भीतीनं परीक्षाच चुकवणं सहा महिने किंवा जास्त चाललं असेल, तर सोशल अँग्झायटीची, म्हणजे लोकांसमोर वाटणाऱ्या भीतीच्या आजाराची तपासणी करून घ्या. तिला फक्त लोकांसमोरच असं होतं का, हेही बघा. पैसा, तब्येत, अभ्यास, घर अशी कशाचीही काळजी सहा महिने बहुतेक दिवस थांबत नसेल, सोबत झोप उडत असेल, अंग आखडत असेल, तर तो चिंतेच्या आजाराचा वेगळा प्रकार आहे आणि त्याची थेरपीही थोडी वेगळी असते.

‘बोल की जरा’ असं चारचौघांत म्हणू नका. तिच्या वतीनं उत्तरंही देऊ नका. दुकानात वही तिलाच मागू द्या. वर्गशिक्षकांना भेटून आधी एका मैत्रिणीसमोर, मग पाच जणींसमोर तोंडी घेता येईल का, ते विचारा. आणि थेरपिस्टकडे नेताना तिला सांगून ठेवा, तिथं अहिराणीत बोललं तरी चालतं.