वाघ वीस मीटरवर, खंड्या दहावर

वाचकांचे प्रश्न : वन्यजीव छायाचित्रण

प्रश्न : मी चंद्रपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे कॅननचा १५००डी आणि ५५-२५० लेन्स आहे. ताडोब्याच्या आगरझरी आणि जुनोना बफरमध्ये सफारी केल्या, पण वाघाचे फोटो अंधारे आणि हललेले येतात. तलावावरचे पक्षी तर ठिपक्याएवढे दिसतात. मामा एकच वस्तू घेऊन देणार आहेत. कॅननच्या आर७ची बॉडी घेऊ की आहे त्या बॉडीवर १५०-६०० लावू?

उत्तर : तू पाठवलेले चारही फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि आधी त्यांची माहिती वाचली. सकाळचे पावणेसात, शटर १/६० (म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००. वाघ चालत होता आणि जिप्सीचं इंजिन सुरू होतं, असं तूच लिहिलं आहेस. १/६०ला चालता वाघ लाखाच्या लेन्समध्येही हललेलाच येईल. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुझ्या हाताची थरथर सावरतं, वाघाचं पाऊल थांबवत नाही. तेच आयएसओ ३२०० केलं असतंस तर शटर १/२५० मिळालं असतं आणि ६४००ला १/५००. फोटोत दाणे दिसतील, दिसू देत. दाणे सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतात, हललेला डोळा परत जाग्यावर आणता येत नाही. पुढच्या सफारीला एवढंच करून बघ, मामांचा एक रुपयाही न खर्चता.

आता लेन्सचं. दुकानात जायच्या आधी एक हिशेब करायला शीक, मी अजूनही करते. सेन्सरची (फोटो टिपणाऱ्या पट्टीची) रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा), गुणिले जनावराचं अंतर. तुझ्या बॉडीच्या सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर. बफरच्या रस्त्यावर वाघ बरेचदा वीसेक मीटरवर असतो. २५०ला वीस मीटरवर चौकटीत मावते १.७८ मीटर जागा. आडवा उभा असलेला वाघ तेवढ्यात जेमतेम बसतो, म्हणजे वाघासाठी तुझी लेन्स आजही पुरेशी आहे. तिथेच ६०० लावलीस तर चौकट उरते ७४ सेंटिमीटरची. तोंड आणि एक खांदा, बस्स.

हे मी सोसलेलं आहे. माझ्या निकॉन डी७२००वर २००-५०० लावलेली होती आणि वाघीण दोन बछड्यांना घेऊन आमच्या जिप्सीपासून आठ मीटरवर रस्ता ओलांडून गेली. २००वर मागे येऊनही चौकट मीटरभराचीसुद्धा नव्हती. त्या सकाळचे साठ-सत्तर फोटो माझ्याकडे आहेत, पण वाघीण आणि दोन्ही बछडे एकत्र असा एकही नाही.

पक्ष्यांचा हिशेब उलटा. जुनोन्याच्या तलावावरचा छोटा खंड्या चोचीसकट सोळा-सतरा सेंटिमीटरचा. तो दहा मीटरवर बसू देतो असं धरलं, तर २५०ला चौकट ८९ सेंटिमीटरची, त्यात खंड्या पाचव्या हिश्शाहून कमी. ४००ला ती ५६ सेंटिमीटर होते आणि खंड्या साधारण तिसरा हिस्सा भरतो. तुला लांब लेन्स लागणार आहे ती पक्ष्यांसाठी, वाघासाठी नाही.

म्हणून माझं मत : बॉडी नको, लेन्स घे, आणि १५०-६०० ऐवजी कॅननची ईएफ १००-४०० दुसऱ्या आवृत्तीची, २०१४ साली आलेली, चांगली राखलेली वापरलेली मिळाली तर. १००वर मागे आलास की आठ मीटरवरचा वाघही मावतो. एक मीटरच्या आतही ती फोकस करते, त्यामुळे पावसाळ्यात चतुर आणि फुलपाखरं हिच्यावरच निघतात. उद्या आर७ घेतलास तर कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरवर (बॉडी आणि लेन्स जोडणाऱ्या कड्यावर) ही तशीच चालेल. दुसऱ्या कंपन्यांच्या काही झूम लेन्स अ‍ॅडॉप्टरवर फोकस करताना अडखळतात, त्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय घेऊ नयेत.

तुझ्या १५००डीचे नऊ फोकस पॉइंट आहेत. त्यातला फक्त मधला वापर आणि तो डोळ्यावर ठेव. सेकंदाला तीन फोटो निघतात, उडत्या पक्ष्याला ते कमी पडतात हे मान्य. ती हौस आर७ येईपर्यंत थांबव. ती आली की उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटरच वापर; तिच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये फडफडणारे पंख वाकडे येतात.

प्रश्न : वय ६४, निवृत्त शिक्षिका, सातारा. भिगवणला आणि सिंहगडाच्या दरीत पक्षी बघायला जाते. उजवा खांदा आखडलेला असतो. एका दुकानात सिग्माची १५०-६००ची स्पोर्ट्स लेन्स गळ्यात घालण्याचा फार आग्रह झाला. घ्यावी का?

उत्तर : ताई, अजिबात घेऊ नका. ती लेन्स उत्तम आहे, पण एकटीच २,८६० ग्रॅमची आहे, वर बॉडीचं वजन वेगळं. घरी एक प्रयोग करा. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरा आणि घड्याळ लावा. स्वर्गीय नर्तक पक्षी फांदीवर येऊन बसेपर्यंत तेवढा वेळ तुम्हाला लेन्स धरून ठेवायची आहे. चाळीस सेकंदांत खांदा बोलू लागला तर दीड किलोच्या वरचं काहीही बघू नका.

माझी सगळ्यात हलकी जोडी सांगते : कॅननची आर१० बॉडी आणि आरएफ १००-४०० लेन्स. लेन्स ६३५ ग्रॅमची आहे, दोन्ही मिळून सव्वा किलोच्या आत. दिवसभर खांद्याला टांगली तरी मान धरत नाही. हिची उणीव उजेडाची. ४००ला ती एफ ८ असते; हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी आत येतो. भिगवणला त्यानं काही बिघडत नाही. उजनीच्या पाण्यावर नऊ वाजता लख्ख ऊन असतं, आयएसओ ४०० ठेवूनही शटर १/१६००च्या आसपास जातं, रोहित पक्षी उडताना टिपायला भरपूर. सिंहगडाच्या दरीत झाडाखाली मात्र तेवढ्याच एफ ८ला आयएसओ ६४००पर्यंत चढवावं लागेल. तिथे ऊन उतरेल त्या फांदीकडे तोंड करून बसा आणि पक्ष्याला तुमच्याकडे येऊ द्या. तुम्हाला पक्षी बघायची सवय आहे, बसणं तुम्हाला जड जाणार नाही.

पैशांची सोय असेल आणि निकॉन चालत असेल तर ५०० एफ ५.६ पीएफ बघा. २०१८ साली आली, वजन १,४६० ग्रॅम. पुढच्या एका काचेवर अगदी बारीक वर्तुळाकार रेषा असतात, त्या रेषाच बऱ्याच काचेचं काम करतात, म्हणून ५०० असून ती एवढी आखूड आणि हलकी. सूर्य समोर असेल तर उजेडाच्या ठिपक्याभोवती कडी उमटू शकतात, तेवढं सांभाळा. झूम नाही, त्यामुळे होडीजवळ आलेला कुरव चौकटीबाहेर जाईल. मला ती लेन्स फार आवडते. माझ्या दोन मैत्रिणी मोठ्या लेन्स विकून हिच्यावर आल्या आणि पुन्हा जंगलात यायला लागल्या.

भिगवणच्या होडीत तिपाई (ट्रायपॉड) नको. खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा. लेन्स पाण्याच्या जवळ आली की पट्टकादंब हंसाच्या मागे पाणीच पाणी येतं, किनाऱ्यावरची माणसं येत नाहीत. आणि नावाड्याला थव्यामागे होडी घालायला कोणी सांगितलं तर त्याला तुम्ही थांबवा. शिक्षिकेचं तो ऐकेल. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला एका फोटोसाठी पुन्हा उडायला लावणं मला बघवत नाही.

प्रश्न : माझ्या १५०-६००वर दोनपट कन्व्हर्टर (फोकल लेंग्थ दुप्पट करणारी जोडलेन्स) लावला तर १२०० मिळेल ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : आकडा मिळेल, फोटो मिळणार नाही. ६००ला असलेलं एफ ६.३ दोन स्टॉप उतरून, म्हणजे उजेड चौथ्या हिश्शावर येऊन, एफ १३ होतं. बहुतेक डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) त्या अंधारात फोकसच करत नाहीत. त्या पैशांत दोन वेळा नांदूर मधमेश्वरला जाऊन या.

प्रश्न : नान्नजच्या माळावर काळविटांचे फोटो काढले. ५००ला एकही धारदार नाही, सगळे पाण्यातून काढल्यासारखे. लेन्स बिघडलेली आहे का? दुकानदार परत घेत नाही. (वाचक, सोलापूर)

उत्तर : लेन्स बिघडलेली नाही असं मला ठामपणे वाटतं. तुमच्या फोटोंची वेळ बघा : अकरा वाजून दहा मिनिटे, एप्रिल, काळवीट दीडदोनशे मीटरवर. तापलेल्या मातीवरून गरम हवा उठते, तिचे थर सतत हलतात आणि त्यांच्यातून येणारा उजेड वाकत राहतो. आपण ज्याला उन्हाच्या झळा म्हणतो त्याच. लेन्स जितकी लांब, तितक्या त्या झळाही मोठ्या होऊन दिसतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत काळविटाचे पाय गुडघ्याखाली विरघळल्यासारखे आहेत आणि शिंगांची टोकं त्या मानाने बरी आहेत. लेन्समध्ये दोष असता तर तो वर-खाली असा जमिनीला धरून दिसला नसता.

खात्री हवी असेल तर सकाळी सातच्या आत गच्चीवर जा. दहा मीटरवर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, लेन्स तांदळाच्या पिशवीवर ठेवा आणि टायमरवर दहा फोटो काढा. बारीक अक्षर वाचता आलं तर दुकानदाराशी भांडण सोडून द्या. माळावर मग सूर्य उगवल्यापासून तास-दीड तास, नाहीतर संध्याकाळी शेवटचा तास. गाडीतून काढत असाल तर एसी बंद आणि काच पूर्ण खाली. गाडीतली थंड हवा बाहेरच्या गरम हवेत मिसळते तिथेही अशाच झळा तयार होतात, आणि त्या अगदी लेन्सच्या तोंडाशी असतात. पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर तोही काढून ठेवा. संरक्षणाला हूड पुरतो.

प्रश्न : माझा निकॉन डी९० अजून ठणठणीत आहे. त्यावर २००-५०० चालेल का? नाहीतर वापरलेला डी५०० बघू? (वाचक, अमरावती)

उत्तर : डी९०वर नाही. त्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) विजेवर उघडतं-मिटतं, आणि २००८च्या तुमच्या बॉडीला ते चालवता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे लेन्स घेऊन घरी पोचल्यावर हिरमुसलेले लोक मी पाहिले आहेत.

डी५०० मात्र जरूर बघा. २०१६ची बॉडी आहे, आता नवी मिळत नाही, पण सेकंदाला दहा फोटो आणि कमी उजेडात न डगमगणारा फोकस या दोन गोष्टींसाठी मेळघाटच्या सावलीत मी ती आजही आनंदाने वापरेन. शटर दोन लाख वेळा चालवून तपासलेलं आहे, म्हणून विकणाऱ्याकडून ताजा मूळ फोटो मागा आणि शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा त्यातून काढा. तो साठ-सत्तर हजारांपर्यंत असेल तर घाबरू नका. बिल मागा, त्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून बघा. पुढे कधी निकॉनचीच मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी घेतलीत तर २००-५०० तिच्यावर अ‍ॅडॉप्टरने चालेल.

प्रश्न : मी रत्नागिरीला दवाखाना चालवतो. गणपतीनंतर लेन्स बाहेर काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. फोटोत फरक नाही. दुर्लक्ष करू का?

उत्तर : डॉक्टर, दुर्लक्ष नका करू. ती बुरशी आहे. अंधाऱ्या खोलीत लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पुढून बघा. धूळ असेल तर सुटे ठिपके दिसतात. बुरशी एका बिंदूपासून फांद्या फुटल्यासारखी पसरते, कडा धुरकट असतात. आज फोटोत फरक नाही कारण ती कडेला आहे. पण तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, आणि लेप गेला की साफ करूनही डाग राहतो. माझी ७०-३०० अशीच गेली. फोमच्या बॅगेत घालून जून ते सप्टेंबर कपाटात ठेवली होती, आणि दुरुस्तीला नेली तोपर्यंत मधल्या काचेवर नखाएवढा डाग पक्का झाला होता. बाहेरून उन्हात ठेवून बुरशी जाईल असं कोणी सांगितलं तर तिकडे वळू नका. आतल्या काचा उघडून पुसाव्या लागतात, आणि ते काम जाणत्या हातानेच करून घ्यावं. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

साफ होऊन आली की बॅगेत परत ठेवायची नाही. कोकणात ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्यावंच, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर लावून. त्याहून कोरडं नको. नाहीतर घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात एक छोटा आर्द्रतामापक आणि पाव किलो सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ते लोखंडी तव्यावर मंद आचेवर परता, पूर्ण गार झालं की डब्यात परत. लेन्सची बॅग, पट्टा, चामड्याचं कव्हर यातलं काहीही त्या डब्यात जाऊ देऊ नका, ओल त्यांच्यातच धरून राहते. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या झाडावरचे दहा फोटो काढा. झूम पुढे-मागे होते, आतली हवा हलते, आणि पावसात भिजलेला खंड्या एखाद्या दिवशी तिथेच मिळतो.