शेवटचा टेम्पो निघेपर्यंत

या महिन्याच्या पत्रांपैकी तीन पत्रं कार्यक्रमांच्या मागे राबणाऱ्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. माझे वडील पुण्यात मंडपाच्या धंद्यात होते आणि मी स्वतः गेली तीस वर्षं स्टेज मॅनेजर म्हणून काम करते. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून याच तिघांना उत्तर देते.

प्रश्न : ताई, मी मिरजेचा, वय २२. आयटीआय वायरमन झालो आहे. चार वर्षं इथल्या मंडळांची लाइटिंगची कामं करतोय. पुण्याच्या एका इव्हेंट कंपनीने क्रूमध्ये बोलावलंय, दिवसाला १२०० रुपये देतात. वडील म्हणतात, ही हमाली आहे, कुठेतरी पर्मनंट चिकट. जाऊ का?

उत्तर : जा. पण वडिलांशी भांडून जाऊ नको, कारण त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पहिलं वर्षभर हमालीच असते. टेम्पोतून पेट्या उतरवायच्या, ट्रसचे, म्हणजे दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याचे, तुकडे खांद्यावर वाहायचे, मैदानभर केबल ओढायची आणि कार्यक्रम संपला की तीच केबल परत गुंडाळायची.

या केबलीपासूनच सांगते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुला माइकची केबल गुंडाळायला देईल. कोपर आणि पंज्याभोवती गरागरा गुंडाळलीस, तर जाणता माणूस ती तुझ्या हातातून काढून घेईल. एक वेढा सरळ, पुढचा मनगट आत वळवून उलटा, पुन्हा सरळ, असं करायचं असतं. मला हे एका म्हाताऱ्या साउंडवाल्या काकांनी शिकवलं. संध्याकाळभर त्यांनी माझ्याकडून एकच केबल पंधरा-वीस वेळा सोडवून घेतली आणि गुंडाळून घेतली. अशी गुंडाळलेली केबल फेकली की सरळ उलगडते, तिला पीळ बसत नाही. पीळ बसला की आतली बारीक तार तुटते, वरून काही दिसत नाही. ती तुटली आहे हे कळतं कधी, तर गवई डोळे मिटून षड्ज लावतो आणि स्पीकरमधून खरखर सुरू होते तेव्हा. चार हजार माणसं चुळबुळ करतात, गवई डोळे उघडतो, आणि ती शांतता परत येत नाही. केबल नीट गुंडाळणारा मुलगा त्या गाण्यात भागीदार असतो असं मी मानते. तू तंबोरे बनवणाऱ्या मिरजेचा आहेस. तंबोऱ्याचा भोपळा किती दिवस वाळू देतात ते तू येता-जाता पाहिलं असशील. वडिलांना हे असं सांग, त्यांना कळेल.

आता कंपनी चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? स्टेज किती मोठं लावतात, एलईडी वॉल किती फुटांची आहे, यावरून ओळखू नको. मंडप उतरवताना काय करतात ते विचार.

असं का, ते सांगायला थोडी मागे जाते. मोठे गायक सवाई गंधर्व गेले १९५२ साली. पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. आजही तो डिसेंबरात होतो. माझ्या लहानपणी तिथे रात्रभर गाणं चाले. वडिलांचं बोट धरून मी गेलेली आहे. उजाडताना शाली-कानटोप्यांत गुरफटलेली माणसं भैरवी ऐकत बसलेली असत. अशी रात्रभराची बैठक संपली की आवराआवर व्हायची ती उन्हात, चहा पिऊन. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाला. राज्य सरकार वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढंच. आजूबाजूला आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात. हा नियम हवाच. पण त्याने एक गोष्ट झाली, जिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. कार्यक्रम संपण्याची वेळ पहाटेवरून रात्री दहावर आली आणि उतरवण्याचं सगळं काम अंधारात गेलं. मैदान सकाळी रिकामं करून द्यायचं असतं. त्यामुळे पहाटेपासून उभा असलेला मुलगाच रात्री अकराला हातोडा उचलतो.

मी एकदा याची किंमत पाहिली आहे. गावाबाहेरच्या मैदानावर एका कारखान्याचा वार्षिक समारंभ होता. रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील. दव पडून प्लायवूड निसरडं झालं होतं. ट्रस जमिनीवर उतरवून तुकडे सुटे करणं चाललं होतं. ट्रसचे दोन तुकडे पिनांनी जोडलेले असतात. पिनेच्या टोकाची क्लिप काढायची आणि हातोडीने पीन ठोकून बाहेर पाडायची. चार पिना असतात, तीन निघाल्या की सगळा भार चौथीवर येतो. तुझ्याच वयाचा एक मुलगा त्या सांध्याखाली हात देऊन बसला होता आणि दुसरा ठोकत होता. दोघांनीही आदल्या पहाटेपासून डोळा लावलेला नव्हता. चौथी पीन सुटली, तुकडा घसरला आणि खालच्या मुलाची दोन बोटं चेंगरली. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता हाताकडे बघत राहिला. आयोजकांनी हात वर केले, ‘तुमचा माणूस, तुमचं तुम्ही बघा.’ कामाच्या वेळांचा कागद मी बनवला होता. सकाळी सहाला ज्यांना बोलावलं, त्यांनाच मी रात्रीच्या उतरवणीला लावलं होतं. आयोजकांचं सोड, तो कागद माझ्या अक्षरात होता.

त्यानंतर मी एक नियम केला. सकाळी लावणारे वेगळे आणि रात्री उतरवणारे वेगळे. उतरवणारी टोळी संध्याकाळी सातला जेवून, झोप काढून येते. याला पैसे जास्त लागतात. ते अंदाजपत्रकात मी वेगळ्या ओळीत लिहिते आणि ती ओळ खोडणाऱ्याचं काम घेत नाही. तू कंपनीत गेलास की पहिल्याच दिवशी विचार, ‘डिसमेंटलला, म्हणजे उतरवायला, कोण असतं?’ ‘आपणच की सगळे’ असं हसून उत्तर आलं, तर दिवसाला दोन हजार दिले तरी तिथे थांबू नको.

विम्याचं सांगते. बँकेत खातं असेलच, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भर. वर्षाला २० रुपये कापतात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, आणि एक डोळा किंवा एक हात अथवा पाय कायमचा गेला तर १ लाख. पण नीट ऐक, दोन बोटं गेली तर त्यात काही मिळत नाही. आणि आपल्या कामात जातात ती बोटंच. म्हणून कंपनीने क्रूचा वेगळा अपघात विमा काढलाय का, त्यात तुझं नाव आहे का, हे कागद बघून खात्री करून घे. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर थांबू नको, वायरमनचा सरकारी परवाना काढ. पुढे स्वतःच्या नावाने बिलं करायला लागलास की उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, करून घे. नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, असा कायदा आहे. आपल्या धंद्यात ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारे फार भेटतात, त्यांना तो दाखवता येतो.

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची. पुण्या-गोव्याच्या संगीत महोत्सवांत प्रॉडक्शन असिस्टंट आहे. पहाटे चारला खोलीवर पोचते. परवा नाशिकला घरी आली तर म्हणाली, कानात सारखं कुईं वाजतंय. आम्हाला ही नोकरी नको वाटते, पण ती ऐकत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, आधी कानाचं. मोठ्या आवाजात राहिल्यावर कान वाजतो, तो एक-दोन दिवसांत थांबला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवाच. उशीर करू नका, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. हिशेब असा आहे : ८५ डेसिबलमध्ये माणूस आठ तास काढू शकतो, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. स्टेजच्या कडेला, सबवूफरच्या बाजूला ती तासन् तास उभी असते. औषधांच्या दुकानात फोमचे इअरप्लग थोडक्या पैशांत मिळतात. चिमटीत दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते टेकवले तर उपयोग होत नाही. पिशवीत चार जोड घालून द्या, एक ती दुसऱ्या कुणाला तरी देईलच.

आता नोकरीचं. ‘सोड’ म्हणू नका. ती तुम्हाला सांगायची बंद होईल, आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही. माझ्या आईने कधी सोड म्हटलं नाही. ती फक्त विचारायची, ‘परत कशी आलीस?’ तोच प्रश्न तुम्ही विचारा. क्रूची गाडी होती की एकटीने रिक्षा केली? गाडीत आणखी कोण होतं? महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलंय की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला सुरक्षित घरी पोचवायची सोय मालकाने करायची. पुण्याच्या कामांना हे तिला मागता येतं. मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही, मी प्रत्येक कामाला मागते.

आणखी एक विचारा, आई म्हणूनच विचारता येईल असं. दिवसभरात पाणी पिते का? मैदानावर बायकांच्या संडासाला कुलूप असतं, नाहीतर तो प्रेक्षकांच्या फाटकाजवळ अर्धा किलोमीटर लांब असतो. मग या पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मीही वर्षानुवर्षं हेच केलं आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दोनदा अंथरूण धरलं. आता मी जागा बघायला जाते तेव्हा स्टेजच्या आधी क्रूचा संडास बघते, त्याची किल्ली एका मुलीकडे ठेवायला लावते. तुमच्या लेकीला सांगा, ती किल्ली तू मागून घे. बाकीच्या मुलींचीही सोय होईल.

प्रश्न : मी साताऱ्याजवळच्या एका गणेश मंडळाचा कार्यकर्ता. गेल्या वर्षी पावसात मंडपाच्या लोखंडी पाइपला हात लावला की झिणझिण्या यायच्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला, एमसीबी आहे, काळजी नको. यंदा काय करावं?

उत्तर : झिणझिण्या आल्या म्हणजे करंट पाइपात उतरला होता. त्या दिवशी कुणी अनवाणी, ओल्या पायांनी आरतीला उभं असतं तर? एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपियरचा. करंट माणसातून जमिनीत जायला लागला की तो क्षणात तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. रोज संध्याकाळी आरतीआधी एका ठरलेल्या कार्यकर्त्याने ते दाबायचं. खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर त्या दिवशी लाइटिंग लावायचं नाही, समया लावून आरती करायची. मंडपाच्या लोखंडी सांगाड्याला वेगळं अर्थिंग द्या. वायरचे सांधे पाइपावर बांधू नका, जमिनीवरही सोडू नका. आणि महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन रीतसर घ्या, आकडा टाकू नका.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून मीच लिहिते. पोरं रात्रभर मिरवणुकीत नाचलेली असतात, घसा बसलेला असतो, आणि सकाळी दहाला ती मंडप सोडायला चढतात. ‘लाइट बंद आहे’ असं कुणीतरी खालून ओरडून सांगतं. त्या ओरडण्यावर कुणालाही वर चढू देऊ नका. शक्य असेल तर तो दिवस झोपेला द्या आणि मंडप त्याच्या पुढच्या दिवशी सोडा, परवानगी मागतानाच एक दिवस जास्त मागून ठेवा. ज्या दिवशी सोडाल, त्या दिवशी तुम्ही स्वतः मीटरपाशी जा, मेन स्विच बंद करा, फ्यूजचं कटआउट ओढून काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. शेवटचा बांबू टेम्पोत चढेपर्यंत ते खिशातून बाहेर काढू नका, कुणी कितीही मागितलं तरी.