टी-५ बसवायचाय, पण चॅसी कापण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न असा: १९५१ ची शेव्हरोले ३१०० पिकअप ट्रक, इंजिन २३५ घन इंचांचं इनलाइन सिक्स (एका ओळीत सहा सिलिंडर), त्यामागे एस-१० या शेव्हरोलेच्याच छोट्या पिकअपचा पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स बसवायचाय, मधला रिव्हेटचा क्रॉसमेंबर, म्हणजे चॅसीच्या दोन लांब रेलना जोडणारा आडवा तुकडा, कापून टाकावा का?

आत्ताच कापू नका. आधी वजन कशावर बसलंय ते बघा. या ट्रकमध्ये इंजिन पुढच्या माउंटवर आणि मागे क्लच हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) दोन्ही बाजूंच्या माउंटवर टेकतं. मूळ हाउसिंग ठेवून अ‍ॅडॉप्टरने टी-५ जोडणार असाल, तर गिअरबॉक्सचं वजन बहुतेक हाउसिंगच पेलतं. मग टेलखाली, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाखाली, नुसता मऊ रबराचा आधार पुरतो. मी पहिल्या वेळी हुशारी करून टेलला कडक ब्रॅकेट मारला होता. चॅसी पिळवटते, इंजिन मात्र तीन जागी जखडलेलं. शेवटी गिअरबॉक्सच्या केसिंगचा बोल्ट लागणारा कान तडकला. हाउसिंगचे माउंट काढून इंजिनला बाजूचे माउंट देणार असाल, तरच टेलखाली खरा भार घेणारा क्रॉसमेंबर लागतो.

सगळ्यात मोठं काम चॅसीचं नाहीच. ३१०० मध्ये प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा) टॉर्क ट्यूब नावाच्या नळीत बंद असतो आणि ती ट्यूब मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. टी-५ म्हणजे उघडा शाफ्ट, म्हणजे मागचा अ‍ॅक्सलही बदलायचा. शिवाय अ‍ॅक्सलची पिळण्याची ताकद, जी आधी ट्यूब घेत होती, ती आता मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येणार. पाटे थकलेले असतील तर हे त्याच खर्चात धरा.

क्रॉसमेंबर खरंच आडवा येत असेल, तर गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर उभी ठेवा, चॅसीची कर्णं मोजून लिहून ठेवा आणि दोन्ही रेल एकमेकांना तात्पुरते बांधा. रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने काढा, मध्ये ड्रिल मारा, पंचाने ठोकून बाहेर काढा. गॅसने कापू नका. डाव्या रेलवर क्लच-ब्रेकच्या पेडलांची बैठक आहे, तिला हात लावू नका. नवा क्रॉसमेंबर बोल्टने बसवा, ८ ग्रेडचे बोल्ट घ्या. भोकं सी-चॅनेलच्या, म्हणजे C आकाराच्या रेलच्या, उभ्या भिंतीत पाडा. वरच्या-खालच्या पट्ट्यांत भोक किंवा आडवा वेल्ड नको, चीर तिथूनच सुरू होते.

वेल्डिंग करावंच लागलं तर सीटमागची पेट्रोलची टाकी आधी बाहेर काढा, नुसती रिकामी करून भागत नाही. पॅसेंजरच्या पायाखालच्या बॅटरीच्या वायरीही सोडवा.

कोनांची घाई करू नका. टेल सुमारे ३ अंश खाली असेल तर पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलचा, शाफ्ट जोडायचा दांडा) तेवढाच वर हवा, म्हणजे दोन्ही अक्ष समांतर राहतात. हे माप गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असतानाच घ्या. जॅकवर घेतलेला आकडा फसवतो, आणि मग हायवेवर थरथर कुठून येतेय ते शोधत बसाल. शाफ्टची लांबीही तेव्हाच मोजा. स्लिप योक (गिअरबॉक्सच्या टेलमध्ये आत-बाहेर सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत ढकलून साधारण २५ मिलिमीटर मागे ओढा.

क्लच प्लेट १४ स्प्लाइनची (मधल्या भोकात १४ खाचांची) लागेल, जुनी चालणार नाही. शेव्हरोलेच्याच कॅमेरो कारचा टी-५ स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तो तिरका बसतो आणि लिव्हर ड्रायव्हरकडे कलतो. एस-१० चा सरळ उभा राहतो.

हाउसिंगचे माउंट ठेवणार की काढणार, ते आधी कळवा. टेलखालच्या ब्रॅकेटचं पुढचं सगळं त्यावर ठरेल.