रेगे या जमैकातल्या संगीतप्रकाराचे गिटारवादक आणि गीतकार पीटर टॉश यांची कारकीर्द कशी घडली?
जमैकाच्या वेस्टमोरलँड परगण्यात १९४४ साली जन्मलेले टॉश गिटार शिकले ते पाहून. एका वादकाची बोटे अर्धा दिवस न्याहाळली आणि तेच गाणे वाजवून दाखवले, असे ते सांगत. किंग्स्टनमध्ये बॉब मार्ली व बनी वेलर यांच्यासह त्यांनी १९६३ च्या सुमारास वेलर्स हा गट उभारला. मार्लींना गिटारचे धडे आपणच दिले, असे टॉश सांगत. ठेक्याच्या मधल्या जागी तार छेडून, बोटे लगेच सैल करून स्वर तोडण्याची रेगेची रीत त्यांच्या वादनात ठसठशीत ऐकू येते. १९७४ मध्ये गट सोडल्यावर ‘लीगलाइज इट’ (१९७६) आणि ‘ईक्वल राइट्स’ (१९७७) हे त्यांचे स्वतंत्र अल्बम आले. १९८७ मध्ये राहत्या घरी त्यांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी अखेरच्या अल्बमला ग्रॅमी मिळाले.