घरी शुगर १३९, लगेच १५२ आणि लॅबमध्ये १३४, मग खरं काय?

तुमच्या वडिलांची उपाशीपोटी शुगर घरी १३९ आली, पाच मिनिटांनी १५२ आणि त्याच सकाळी लॅबने १३४ सांगितली. मशीन बिघडलंय का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. घरच्या ग्लुकोमीटरचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५१९७ (२०१३), म्हणतं की शुगर १०० किंवा जास्त असेल तर शंभरातली किमान ९५ रीडिंग्ज लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के खाली-वर, एवढ्यात बसली पाहिजेत. १३४ ला ही हद्द साधारण ११४ ते १५४ होते. तुमची दोन्ही रीडिंग्ज त्यात आहेत.

मोठा घोळ बहुतेक वेळा बोटावर होतो. आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो, आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. एका मे महिन्यात तिने नातवंडांना हापूस कापून दिला, हात पदराला पुसले आणि बोट पुढे केलं. आकडा आला २८६. माझ्या पोटात गोळा आला, डॉक्टरांना फोन लावायला निघालो होतो. बायकोने आईला साबणाने हात धुवायला लावले, नीट कोरडे केले आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. १७१! बोटावरचा आंब्याचा रस थेंबात मिसळला होता. त्या २८६ वर इन्सुलिन वाढवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून अंगावर काटा आणतो. म्हणून एका विचित्र आकड्यावर डोस कधीच बदलू नका.

ओलं बोट थेंब पातळ करतं, बोट जोरात पिळलं तरी आकडा हलतो. हात कोमट पाण्याने धुतले, खाली सोडले की रक्त आपसूक येतं.

मशीनच्या स्ट्रिप्स, म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या, कुठे ठेवता? स्ट्रिपवर साखर ओळखणारं एन्झाइम (एक रसायन) असतं आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते खराब होतं. आमची डबी गॅसच्या ओट्यावर, झाकण अर्धवट लावलेली असायची. आता कपाटात असते. स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं, आणि डबी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहायची.

वडिलांचं हिमोग्लोबिन कमी आहे का, तेही बघा. रक्त कमी असेल तर बरीच मशीन्स शुगर जास्त दाखवतात.

लॅबचा आकडासुद्धा दगडावरची रेघ नव्हे. घरून घेतलेलं रक्त घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं, तर ट्यूबमधल्या रक्तपेशी साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर उतरते. ते रोखायला फ्लोराइडची, राखाडी टोपणाची ट्यूब वापरतात. ती आहे ना, हे रक्त घेणाऱ्याला बिनधास्त विचारा.

मशीन पारखायचं असेल तर पुढच्या वेळी ते लॅबमध्येच न्या. उपाशीपोटी रक्त दिलं की लगेच तिथेच बोटाला टोचा. जेवणानंतर ही तुलना करू नका, तेव्हा बोटाच्या रक्तात शिरेपेक्षा साखर मुळातच जास्त असते. तरीही फरक १५ टक्क्यांहून जास्त आला तर नवी डबी उघडून बघा, मग डॉक्टरांशी बोला.

एका बाबतीत मात्र मशीनवर शंका घेत बसू नका. आकडा ७० च्या खाली असेल आणि वडिलांना घाम, थरथर जाणवत असेल, तर ते शुद्धीवर असताना आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पुन्हा तपासायचं ते पंधरा मिनिटांनी.